फील्ड-मार्शल स्लिम : सेनापति आणि ग्रंथकार

लढाई जिंकलेल्या सेनापतीनें निवृत्त झाल्यावर आत्मवृत्त लिहावें, आणि त्यांत जें बरोबर झालें तें आपलें व जें चुकलें तें वरिष्ठांचें, शेजारच्या सेनापतीचें किंवा पावसाचें असें दाखवून द्यावें, ही पाश्चात्त्य देशांत चांगलीच रुळलेली चाल आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तर अशा ग्रंथांचा पूर लोटला. त्या पुरांतून जे थोडे ग्रंथ वर राहिले, त्यांत फील्ड-मार्शल विल्यम स्लिम याचा ‘डिफीट इन्टु व्हिक्टरी’ हा १९५६ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ आमच्या मतें पहिल्या पंक्तींत बसणारा आहे. ग्रंथ ब्रह्मदेशांतील मोहिमेचा. पण त्याचें नांवच सांगतें कीं आरंभ पराभवापासून आहे. सहा भागांपैकीं पहिल्या भागाला ग्रंथकारानें ‘पराभव’ असेंच नांव दिलें आहे, आणि तो भाग घाईनें उरकलेला नाहीं.

हा ग्रंथ आम्हीं प्रथम वाचला तो युद्धकथेच्या आवडीनें. दुसऱ्यांदा वाचतांना मात्र एक प्रश्न मनाला टोंचूं लागला. ज्या चौदाव्या सैन्याची ही कथा, त्यांतील बहुसंख्य शिपाई भारतीय होते. सेनापति इंग्रज, झेंडा साम्राज्याचा, आणि रक्त मुख्यतः आपल्या खेड्यापाड्यांतील माणसांचें. मग ही कथा आपण कोणत्या नात्यानें वाचावयाची? परक्याचा पराक्रम म्हणून, कीं आपल्या घरच्या माणसांची हकीकत म्हणून? गुणदोषांची चर्चा करतांना हा प्रश्न बाजूला ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. परंतु प्रथम ग्रंथकाराची ओळख करून घेऊं; कारण या ग्रंथाची भाषा कोठून आली हें त्याच्या चरित्रावरूनच कळतें.

स्लिमचा जन्म ६ ऑगस्ट १८९१ रोजीं ब्रिस्टल येथें झाला. बाप लोखंडी सामानाचा व्यापारी. धंदा बसला आणि कुटुंब बर्मिंगहॅमला आलें. मुलाला विद्यापीठांत पाठविण्याची ऐपत उरली नव्हती. त्यानें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली, पुढें लोखंडी नळ्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनींत कारकुनी केली. विद्यापीठाचा विद्यार्थी नसतांहि तेथील लष्करी शिक्षणाच्या पथकांत त्यानें कसाबसा शिरकाव करून घेतला होता. त्या बळावर ऑगस्ट १९१४ मध्यें महायुद्ध सुरू होतांच त्याला अधिकारपद मिळालें. शांततेच्या काळांत अशा घरच्या मुलाला इंग्रजी पलटणींत अधिकारी होणें जवळजवळ अशक्यच होतें. कारण घरची मिळकत असल्याशिवाय तेथील इतमाम संभाळतां येत नसे. १९१५ सालीं गॅलिपोलीच्या डोंगरावर तो जबर जखमी झाला. तेथेंच शेजारीं लढणाऱ्या सहाव्या गुरखा पलटणीवर त्याचें मन बसलें. मेसापोटेमियांत त्याला पुन्हा जखम झाली, ‘मिलिटरी क्रॉस’ हें पदक मिळालें, आणि १९२० सालीं तो त्याच गुरखा पलटणींत दाखल झाला.

हिंदी सैन्यांत पगारावर राहतां येई, असें त्या काळीं म्हणत. पण संसार वाढला, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आला, तेव्हां स्लिमलाहि तेवढ्यावर भागेना. मग ‘अँथनी मिल्स’ या टोपणनांवानें तो इंग्रजी मासिकांना गोष्टी लिहूं लागला. आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं करून त्यानें हें नांव बनविलें होतें. दिवसा कवाईत आणि रात्रीं गोष्ट, असा हा क्रम. मध्यम स्थितींतील कुटुंबवत्सल माणसानें संध्याकाळच्या शिकवण्या कराव्या त्यांतलाच हा प्रकार. आणि आम्हांस वाटतें, त्याच्या गद्याचें खरें शिक्षण येथेंच झालें. वाचकाला कंटाळा आला तर संपादक गोष्ट परत पाठवील, ही भीति ज्यानें अनुभविली आहे तो पुढें फील्ड-मार्शल झाला तरी पाल्हाळ लावीत नाहीं. पुष्कळ सेनापतींच्या ग्रंथांना ही भीति कधीं शिवलेलीच नसते, हें त्यांच्या पानांच्या संख्येवरूनहि ओळखतां येतें.

नोव्हेंबर १९४० मध्यें सुदान व अबिसिनिया यांच्या सरहद्दीवर गल्लाबत येथें स्लिमनें आपल्या दहाव्या हिंदी ब्रिगेडचा पहिला मोठा हल्ला चढविला. किल्ला हातीं आला, परंतु रणगाडे नादुरुस्त झाले, शत्रूच्या विमानांनीं बाँबचा वर्षाव केला, एक इंग्रज पलटण बिथरून मागें पळाली, आणि अखेर स्लिमनें माघार घेतली. या प्रसंगावर त्यानें ‘अनऑफिशियल हिस्टरी’ या १९५९ सालच्या पुस्तकांत लिहिलें आहे. त्याच्या समोर दोन मार्ग होते, एक धाडसाचा व दुसरा सावधपणाचा. त्यानें दुसरा पत्करला, आणि तो चुकीचा होता, असें तो सरळ सांगतो. पळालेल्या पलटणीवर सर्व दोष ढकलून मोकळें होणें त्याला सहज शक्य होतें. तें त्यानें केलें नाहीं. पुढील कारकीर्दींत दोन मार्ग समोर आले असतां तो बहुधा धाडसाचा मार्ग निवडतांना दिसतो, त्याचें मूळ या छोट्या पराभवांत आहे.

आतां मुख्य ग्रंथाकडे वळूं. मार्च १९४२ मध्यें स्लिम इराकांत एका डिव्हिजनचा सेनापति होता. तेथून त्याला अचानक बोलावून ब्रह्मदेशांतील कोअरचें आधिपत्य देण्यांत आलें. तो पोंचला त्यापूर्वींच रंगून पडलें होतें. म्हणजे समुद्राकडून मदत यावयाचा दरवाजा बंद झाला होता. पुढें सुमारे नऊशें मैल माघार. येनानज्यौंग येथील तेलाच्या विहिरी शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून त्या स्वतःच्या हुकुमानें उडवाव्या लागल्या; चिंदविन नदीच्या कांठीं, पार नेतां येईनात म्हणून, रणगाडे टाकून द्यावे लागले; आणि मे महिन्यांत, पाऊस फुटल्यावर, उरलेलें सैन्य इंफाळच्या बाजूला येऊन पोंचलें. शेवटची पिछाडीची तुकडी डोंगर चढून हिंदुस्थानांत येत असतांना स्लिम वाटेवर उभा राहून पाहत होता. माणसें हाडांचे सांपळे झालीं होतीं, कपड्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. पण हातांत हत्यारें होतीं आणि रांग मोडलेली नव्हती. हें दृश्य त्यानें थोड्या ओळींत दिलें आहे. त्यांत डोळे ओले करण्याचा प्रयत्न नाहीं, आणि म्हणूनच वाचकाचे डोळे ओले होतात.

पराभवावर लिहिणें मराठी भाषेला नवें नाहीं. पानिपतच्या घातानंतर आपल्याकडे बखरी झाल्या, आणि त्यांतील ‘भाऊसाहेबांची बखर’ ही गद्याच्या दृष्टीनें आजहि वाचावी अशी आहे. नाना फडणविसांच्या अपुऱ्या आत्मचरित्रांत पानिपतावरून जीव घेऊन निघालेल्या एका तरुणाची हकीकत आहे, ती तर थेट अनुभवाची. परंतु बखरकाराला पराभवाचें कारण शोधावयाचें असलें म्हणजे तो होणाराकडे, दैवाकडे, नाहींतर कोणाच्या तरी गर्वाकडे बोट दाखवितो. नाना स्वतः सेनापति नव्हते. ज्याच्या हुकुमानें सैन्य हललें आणि हरलें, त्यानेंच बसून ‘येथें माझें चुकलें’ असें लिहावें, असा ग्रंथ आपल्या जुन्या वाङ्मयांत नाहीं. स्लिमच्या पहिल्या भागाच्या शेवटीं तो आपलाच झाडा घेतो. शत्रूच्या हालचालींची खबर मिळविण्याची व्यवस्था नव्हती, जंगलांत वावरण्याचें शिक्षण शिपायांना नव्हतें, ब्रह्मदेशांतील लोकांची साथ नव्हती, हीं सर्व कारणें तो देतो. पण त्यानंतर, शत्रूला आपल्या चालीनें नाचवावयास पाहिजे होतें तें आपण करूं शकलों नाहीं आणि आपणच त्याच्या चालीनें नाचत राहिलों, हा दोष तो स्वतःकडे घेतो. या कबुलीमध्यें नाटकीपणा नाहीं. हिशेबाच्या वहींत जमा तशी नांवें टाकावीं इतक्या शांतपणें तें लिहिलें आहे. कोठें कोठें आम्हांस असेंहि वाटलें कीं, एवढा शांतपणा ही देखील एक युक्ति असेल. जो स्वतःच्या चुका आधींच सांगतो त्याच्या बाकीच्या बोलण्यावर वाचक सहज विश्वास ठेवतो. ही शंका मनांत ठेवून वाचलें तरी ग्रंथाची किंमत कमी होत नाहीं.

ग्रंथाचा आम्हांस सर्वांत आवडलेला भाग लढायांचा नाहीं. तो १९४३ मधील तयारीचा आहे. चौदाव्या सैन्याचें आधिपत्य स्लिमकडे आलें तेव्हां शत्रूहून मोठा शत्रू रोग होता. एक माणूस जखमी होऊन मागें येई तेव्हां एकशेंवीस माणसें आजारी होऊन मागें येत. मलेरियाचें वर्षाचें प्रमाण शेंकडा ८४ होतें. असे आंकडे देऊन तो विचारतो कीं, कांहीं महिन्यांत आपलें सैन्य विरून जाणार नाहीं काय? मग उपाय. रुग्णांना शेंकडों मैल मागें न पाठवितां आघाडीच्या जवळच बरें करणें. शस्त्रवैद्यांची पथकें पुढें नेणें. आणि मेपाक्रीन नांवाची गोळी प्रत्येकानें रोज घेतलीच पाहिजे अशी सक्ति. शिपाई गोळी टाळीत. तेव्हां अचानक एखाद्या पलटणीची रक्तपरीक्षा करावयाची, आणि गोळीचा अंश ठरल्यापेक्षां कमी माणसांच्या रक्तांत आढळला तर शिपायाला नव्हे, पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्याला काढून टाकावयाचें, असा नियम त्यानें केला. तिघांना काढावें लागलें; चौथ्याची वेळ आली नाहीं. १९४५ च्या मध्यापर्यंत आजाराचें प्रमाण दिवसाला हजारीं एक इतकें खालीं आलें. आमच्याकडील सार्वजनिक कामांत जबाबदारी खालच्या माणसावर टाकण्याची जी संवय आहे, ती ज्यांनीं जवळून पाहिली आहे त्यांनीं हीं पानें अवश्य वाचावीं.

विमानांतून सामान टाकण्यासाठीं रेशमी छत्र्या मिळेनात, तेव्हां बंगालच्या तागाच्या छत्र्या करून पाहिल्या ही हकीकतहि तशीच. कलकत्त्याच्या ताग-गिरण्यांनीं त्या तयार केल्या. नेहमींच्या छत्रीला वीस पौंडांहून अधिक पडत, तागाच्या छत्रीला एक पौंडाच्या आसपास. सामानाच्या बाबतींत हें सैन्य युरोपांतील सैन्यांचें सावत्र भावंड होतें, त्याला शेवटचें उष्टें मिळे. तें रडगाणें स्लिम गातो, पण थोडेंच. लगेच भाजीचे मळे, बदकें पाळण्याचा खटाटोप आणि नदीच्या कांठीं झाडें तोडून बांधलेल्या होड्या यांकडे वळतो. आघाडीवरील एखाद्या तुकडीला अर्ध्या शिध्यावर राहावें लागलें कीं आपल्या मुख्य कचेरीलाहि अर्धा शिधा, असा त्याचा प्रघात होता. त्याचा उपयोग शिपायांच्या मनावर किती झाला असेल तो असो. पण शिधा पोंचविणाऱ्या खात्याच्या साहेबांना भूक लागली म्हणजे गाड्या लवकर सुटतात, हें व्यवहारज्ञान त्यांत आहेच.

स्लिमची भाषा साधी आहे; वाक्यें लांब नाहींत; आणि मधून मधून एक कोरडा विनोद डोकावतो. आराकानांतील एक गोष्ट नमुन्यादाखल सांगण्यासारखी आहे. गस्तीवर गेलेले गुरखे आपल्या जनरलसाहेबांपुढें आले, टोपलींतून तीन जपानी मुंडकीं काढून त्यांनीं त्यांपुढें मांडलीं, आणि मग त्याच टोपलींत खालीं असलेले ताजे मासे साहेबांच्या जेवणासाठीं मोठ्या आदरानें देऊं केले. ही गोष्ट सांगून तो पुढच्या विषयाकडे वळतो. हंसावें कीं शहारावें हें वाचकावर सोपविलेलें. मात्र याच ठिकाणीं त्याची एक मर्यादाहि दिसते. गुरखा, शीख, पठाण हे त्याच्या लेखणींतून उतरतात ते बहुधा गोष्टींतल्या पात्रांसारखे : शूर, निष्ठावंत, थोडे विनोदी. इंग्रज सोजीराचींहि तो अशींच चित्रें काढतो, हें खरें. पण इंग्रज सोजीर घरीं जाऊन मत देणारा नागरिक आहे हें त्याला ठाऊक असतें. हिंदी शिपाई घरीं जाऊन कोण होणार, हा विचार या चित्रांत नाहीं.

इंफाळ व कोहिमा येथील १९४४ च्या लढाया हा ग्रंथाचा कणा आहे. मुतागुची याच्या तीन डिव्हिजन, सुमारे पंच्याऐंशीं हजार माणसें, मार्च महिन्यांत चिंदविन ओलांडून आल्या. त्यांना आंत येऊं द्यावें, आपण इंफाळच्या मैदानावर आवळून बसावें आणि त्यांचा शिधा संपला कीं त्यांना मोडावें, हा स्लिमचा बेत. बेत सफल झाला. पण तो कोणत्या केंसावर लोंबत होता हें तो लपवीत नाहीं. तिद्दिमकडील सतराव्या डिव्हिजनला मागें बोलावण्यास त्यानें उशीर केला. कोहिमावर फार तर एक रेजिमेंट येईल असें त्यानें गृहीत धरलें होतें, आणि आली ती सातो याची सबंध डिव्हिजन. कोहिमाच्या टेंकडीवर लढूं शकणारीं सुमारें पंधराशें माणसें होतीं; एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून २० तारखेपर्यंत त्यांनीं ती टेंकडी धरून ठेवली. या माणसांनीं आपल्याला वांचविलें, हें सेनापति मोकळ्या मनानें मान्य करतो.

येथें एक गोष्ट महाराष्ट्रीय वाचकाला विशेष लागणारी आहे. कोहिमा व इंफाळ यांना अवधि मिळाला तो अंशतः सांगशाक या नागा खेड्यापाशीं झालेल्या झुंजीमुळें. २२ ते २६ मार्च १९४४ असे पांच दिवस पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडनें तेथें जपान्यांना अडवून धरलें. तिच्यांत गुरख्यांबरोबर पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. कांटेरी तार नाहीं, पाणी अपुरें, खडकाळ जमिनींत धड खंदक खणतां येत नाहींत, अशा स्थितींत ही झुंज झाली. चौदाव्या सैन्याच्या कथेंत ह्या पांच दिवसांचें जें मोल आहे त्या मानानें स्लिमच्या ग्रंथांत त्यांना जागा फारच थोडी मिळाली. हा दुजाभाव होता असें आम्हीं म्हणत नाहीं; सातशें मैलांच्या आघाडीचा सेनापति प्रत्येक टेंकडीजवळ थांबूं शकत नाहीं. तरीहि, साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या कोणा घरांतून गेलेला पोर तेथें पडला असेल, तर त्या घराला हें पान वाचून काय वाटेल हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

इरावतीवरील मोहिमेबद्दल युद्धशास्त्राच्या अभ्यासकांनीं इतकें लिहिलें आहे कीं येथें लांबण लावण्याचें कारण नाहीं. शत्रू नदीच्या पलीकडे गेला असें कळतांच स्लिमनें डिसेंबर १९४४ मध्यें सबंध बेत बदलला. एक कोअर उत्तरेस मंडालेसमोर दाखवीत ठेवली आणि दुसरी चोरवाटेनें दक्षिणेस नेऊन मार्च १९४५ च्या आरंभीं मेक्तिला घेतलें. दुसऱ्या कोअरची खोटी बिनतारी कचेरी उत्तरेस चालू ठेवण्याची युक्ति मोठी मौजेची आहे. या प्रकरणांत ग्रंथकाराचा आनंद लपत नाहीं, आणि कां लपावा? रंगून मात्र उत्तरेकडून जिंकण्याची त्याची हौस अपुरीच राहिली. पाऊस लवकर आला, सैन्य पेगूपाशीं अडलें, आणि ३ मे रोजीं जपान्यांनीं सोडून दिलेल्या त्या शहरांत समुद्रमार्गें आलेलें सैन्य शिरलें.

ग्रंथ जितका बोलका तितकाच एके ठिकाणीं मुका आहे. रंगून हातीं आल्याला चार दिवस झाले नाहींत तोंच त्याचा वरिष्ठ जनरल लीज यानें स्लिमला चौदाव्या सैन्यावरून दूर करण्याचें ठरविलें व तसें त्याला सांगितलें. लंडनला हें कळल्यावर वरच्यांचा रोष झाला, तो निर्णय फिरला, आणि थोड्याच दिवसांत लीजच गेला व त्याच्या जागीं स्लिम आला. सबंध कारकीर्दींतील हा सर्वांत कडू प्रसंग. दुसरा कोणी असता तर त्यानें त्यावर एक प्रकरण खर्चीं घातलें असतें. स्लिमच्या ग्रंथांत त्याचा उलगडा आढळत नाहीं. आम्हीं या मौनाला मोठेपणा समजतों. पण एक समीक्षक म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, जो ग्रंथ स्वतःच्या चुका सांगतो तो दुसऱ्यांच्या सांगतोच असें नाहीं, आणि त्यामुळें इतिहासाचें एक दार बंद राहतें. तसेंच ग्रंथांतला माणूस आणि ग्रंथाबाहेरचा माणूस एकच आहेत असें धरून चालूं नये. स्लिम १९४८ मध्यें साम्राज्याच्या सेनेचा प्रमुख झाला, हिंदी सैन्यांतून त्या पदावर गेलेला तो पहिलाच. १९५३ ते १९६० तो ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर-जनरल होता. १९७० सालीं वारला. त्या ऑस्ट्रेलियांतील वर्षांबद्दल, तेथील आश्रमशाळेंत लहानपणीं राहिलेल्या कांहीं व्यक्तींनीं त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळानें त्याच्यावर गंभीर आरोप केले. ते न्यायालयांत तपासले जाण्याची वेळ निघून गेली होती. तरी तेथील एका रस्त्याला दिलेलें त्याचें नांव पुढें काढून टाकण्यांत आलें. ग्रंथाच्या पानांवरून यांतील कशाचाच निर्णय करतां येत नाहीं, आणि करूं पाहणेंहि योग्य नव्हे.

आतां सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊं. शिपायांच्या मनोधैर्यावर या ग्रंथांत जें विवेचन आहे तें प्रसिद्ध आहे. मनोधैर्याचे तीन पाये : आत्मिक, बौद्धिक आणि भौतिक, आणि पहिला पाया म्हणजे ज्यासाठीं लढावयाचें तें ध्येय थोर आहे अशी श्रद्धा. विवेचन सुंदर आहे. पण तें वाचतांना मन विचारतें : १९४३ सालच्या हिंदी शिपायाचें थोर ध्येय कोणतें? त्याच्या आदल्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें देशाचे पुढारी तुरुंगांत गेले होते. बिहार-बंगालमध्यें रूळ उखडले जात होते, आणि तो बंदोबस्त करण्याची कामगिरी खुद्द स्लिमच्या कोअरकडे आली होती. ती हकीकत तो केवळ सैन्याच्या रसदीवर आलेली आपत्ति म्हणून सांगतो. १९४३ मध्यें, ज्या प्रांतांत चौदाव्या सैन्याची मुख्य कचेरी होती त्याच बंगालमध्यें, लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. अशा देशांतून पंचवीस लाख माणसें स्वेच्छेनें सैन्यांत गेलीं. कोणी पोटासाठीं, कोणी घराण्याच्या चालीनें, कोणी पलटणीच्या अब्रूसाठीं. स्लिमला तिसरें कारण पूर्णपणें कळलें होतें, पहिलें बऱ्याच अंशीं. परंतु जें कारण त्या वेळीं अनेकांच्या मनांत नव्हतें आणि असावयास हवें होतें असें त्यांच्याच बांधवांना वाटत होतें, त्याची त्याला कल्पनाच नाहीं.

आझाद हिंद सेनेवरील त्याचीं वाक्यें याची साक्ष देतात. तिच्याबद्दल तो तुच्छतेनें लिहितो. तिच्या हातून लष्करी दृष्ट्या कांहींच झालें नाहीं, आणि आपले हिंदी व गुरखा शिपाई तिच्या लोकांना शरण येऊं देण्यास इतके नाखुष असत कीं त्यांना सौम्यपणें वागविण्याचे हुकूम काढावे लागले, असें तो सांगतो. रणांगणापुरतें पाहिलें तर त्याचा हिशेब फारसा चुकीचा नसेल. पण नोव्हेंबर १९४५ मध्यें लाल किल्ल्यांत खटला सुरू झाला, तेव्हां तीच माणसें सबंध देशाचीं झालीं, आणि फेब्रुवारी १९४६ मध्यें मुंबई बंदरांत आरमारी शिपायांनीं निशाण बदललें. स्लिम लिहीत होता तेव्हां या गोष्टी होऊन दहा वर्षें झालीं होतीं; हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता. तरी त्याच्या मनाची घडी पलटणीच्या निष्ठेपलीकडे उलगडत नाहीं. स्वतःच्या चुका शोधण्यांत इतका निर्दय असलेला माणूस येथें मात्र एकहि शंका विचारीत नाहीं. ग्रंथांतील सर्वांत मोठी उणीव आम्हांस हीच वाटते.

याला दुसरी बाजू आहे, ती न सांगणें अन्यायाचें होईल. १९४३ नंतरच्या आपल्या हिंदी डिव्हिजन जगांतील उत्तम सैन्यांपैकीं होत्या असें स्लिमनें निःसंकोच लिहिलें, तेंहि अशा काळीं कीं इंग्रज वाचकाला ब्रह्मदेशाची आठवण नकोशी झाली होती. आणि ती स्तुति पोकळ नव्हती. जानेवारी १९४५ मध्यें आराकानच्या किनाऱ्यावर कांगाव येथें जी हातघाईची लढाई झाली, तींत एकावन्नाव्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे मुख्य अधिकारी भारतीय होते : तिमय्या, सेन आणि आपल्या महाराष्ट्रांतील शंकरराव थोरात. तिघांनाहि ‘डी. एस. ओ.’ हें पदक मिळालें. पुढें तिमय्या १९५७ मध्यें स्वतंत्र भारताचे सेनाप्रमुख झाले, थोरातांनीं पूर्व विभागाचें आधिपत्य केलें. हे तिघे साम्राज्यासाठीं लढले कीं पुढें येणाऱ्या स्वतंत्र सैन्याची उमेदवारी करीत होते, याचें उत्तर त्यांनाहि त्या चिखलांत उभें असतां देतां आलें असतें असें वाटत नाहीं. आम्हीं तरी आतां हा ग्रंथ वाचतों तो दोन्ही नात्यांनीं. आणि दोन्ही नातीं एकमेकांना टोंचत राहतात.

ग्रंथ मोठा आहे. ज्यांना सबंध वाचण्यास सवड नाहीं त्यांनीं पहिला भाग आणि तयारीचा दुसरा भाग एवढे तरी वाचावे. त्याआधीं ‘अनऑफिशियल हिस्टरी’मधील गल्लाबतची हकीकत वाचली तर ग्रंथकाराचा स्वभाव लवकर उमगतो. नकाशे भरपूर आहेत, आणि ते उघडून ठेवल्याशिवाय लढायांचीं प्रकरणें वाचण्यांत अर्थ नाहीं. इंफाळच्या प्रकरणाशीं आलां म्हणजे उखरूलहून इंफाळकडे येणाऱ्या वाटेवर सांगशाक कोठें येतें तें आधीं पाहून ठेवावें.